बक्षीस समारंभ व्हायचा आहे

कबड्डीचा अंतिम सामना संपला की माइकवरचा माणूस बसलेल्या घशाने एकच वाक्य घोळवत राहतो : "ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळींनी जागा सोडू नये, बक्षीस समारंभ व्हायचा आहे." यजमान वाडी जिंकलेली असली तर हे सांगायची गरज पडत नाही. माणसे आधीच मैदानात घुसलेली असतात, गुलाल उडालेला असतो, कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावर असतो. यजमान वाडी सपशेल हरली तरी फारसे बिघडत नाही. दोन लोण बसले की मध्यंतरालाच लोकांनी मनाची तयारी केलेली असते, आणि हरलेल्या संघावर विनोद करायलाही माणसे थांबतात. बिघडते ते एका गुणाने हरल्यावर. त्या दिवशी माइकवरचा माणूस कितीही ओरडो, पाच मिनिटांत खुर्च्या मोकळ्या.

कोकणातल्या केळशीच्या परिसरात गेल्या हंगामात असा एक अंतिम सामना पाहिला. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात माती चाळून, पाणी मारून, रूळ फिरवून मैदान तयार केले होते. फक्कीच्या रेषा, बांबूंना बांधलेले फोकस, एका अंगाला माड. समोर भारजा नदीच्या पलीकडून आलेला संघ. शेवटचे मिनिट लागले तेव्हा गुणफलक 26-26 वर होता आणि शेवटची चढाई यजमान वाडीच्या मुलाची होती. रिकामा परत आला असता तरी बरोबरी होती आणि निकाल जादा चढायांवर गेला असता. पण पाठीमागे सारी वाडी उभी राहून "घे, घे, घे" करत होती. मुलाने डाव्या कोपऱ्यावर पाय टाकला. त्या कोपरारक्षकाने घोटा धरला, मग बाकीचे अंगावर कोसळले. मुलाचा हात मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे राहिला. पंचांची शिट्टी, 27-26.

चहाच्या टपरीवर खटला उभा राहायला वेळ लागला नाही. "कशाला गेला तो आत? रिकामा यायचा ना!" हे म्हणणाऱ्यांत "घे, घे" करणारे सगळेच्या सगळे होते. मग जमाखर्च सुरू झाला. पहिल्या डावात एक बोनस पंचांनी दिला नाही, तो धरला असता तर. पंच तिकडचेच. दोन चांगली पोरे मुंबईला कामाला, त्यांना शनिवारची रजा मिळाली असती तर. मॅटवर खेळून खेळून पोरांना मातीची सवय राहिली नाही. आदल्या रात्री उपांत्य सामना उशिरा संपला. अशी पंधरा-वीस कारणे निघाली, आणि त्यांतले प्रत्येक एका गुणाला पुरेसे होते. एका गुणाच्या पराभवाची हीच गंमत आहे : कोणतेही कारण पुरते. दहा गुणांनी हरलेल्या माणसाला अशी चैन परवडत नाही.

एका माणसाचे नाव मात्र त्या टपरीवर निघाले नाही. पलीकडच्या गावाचा तो कोपरारक्षक. तीस सेकंद तो जागचा हलला नव्हता. समोरचा मुलगा हूल देत होता, लॉबीकडे पळत होता, परत येत होता. हा पाठीची कमान करून, हात पुढे धरून वाट पाहत राहिला, आणि पाय आवाक्यात आल्यावरच वाकला. अंतिम सामन्याची शेवटची पकड, परक्या वाडीत, शेकडो माणसे विरुद्ध ओरडत असताना. त्याने चूक केली असती तर त्याच्याही गावात टपरी आहे.

चषक देताना समोर मंडप डेकोरेटरची दोन माणसे खुर्च्या एकात एक घालत होती, पहिल्या रांगेत सन्माननीय पाहुणे होते, आणि चषकाशी ज्यांना काही देणेघेणे नाही अशी लहान मुले. विजेत्यांनी आपल्याच टाळ्या आपण वाजवल्या. मंडळाने जेवण चांगले घातले, हे सांगायला हवे. पाहुण्या संघाला उपाशी पाठवण्याची रीत कोकणात नाही. पण जेवू घालणे सोपे असते. हरल्यावर पंधरा मिनिटे बसून दुसऱ्याच्या नावाला टाळी वाजवणे अवघड जाते.

हे एकट्या केळशीचे दुखणे नाही, आणि कबड्डीचेही नाही. मुंबई क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या, आता साठी गाठलेल्या कोणाही चाकरमान्याला 7 मे 1991 हा दिवस विचारा. वानखेडेवर रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरियाणा, पाचवा दिवस. तोवर मुंबईने 30 वेळा करंडक जिंकला होता, पण शेवटचा 1984-85 मध्ये, आणि एवढा खंड म्हणजे मुंबईकराच्या दृष्टीने अनर्थच. हरियाणा 522 आणि 242. मुंबई पहिल्या डावात 410. जिंकायला 355 हवे होते, तेही शेवटच्या दिवसाच्या उरलेल्या षटकांत. 34 धावांत तीन गडी गेले. मग अठरा वर्षांचा सचिन तेंडुलकर आला आणि त्याने 75 चेंडूंत 96 केल्या. दिलीप वेंगसरकर दुसऱ्या बाजूने लढत राहिले. नववा गडी बाद झाला तेव्हा अजून 50 हव्या होत्या. शेवटचा फलंदाज ॲबी कुरुविला, मोसमच पहिला. वेंगसरकरांच्या पायात पेटके आलेले, त्यांच्या वतीने लालचंद राजपूत धावत होते. पन्नासातल्या सत्तेचाळीस निघाल्या. आणि कुरुविला धावबाद. मुंबई सर्वबाद 352, दोन धावांनी पराभव. वेंगसरकर नाबाद 139, आणि भर मैदानात रडणारे वेंगसरकर. हे चित्र ज्यांनी पाहिले नाही त्यांनाही पाहिल्यासारखे आठवते.

मे महिना असल्याने निम्मी मुंबई तेव्हा कोकणात होती. आंब्याच्या पेट्या भरायच्या, विहिरीतला गाळ काढायचा, लग्ने उरकायची. पुढची किती तरी वर्षे ओटीवरच्या गप्पांत त्या दोन धावा शोधणे चालू राहिले. कुरुविला धावला नसता तर. सचिनने शंभरीसाठी थोडा धीर धरला असता तर. पहिल्या डावात एखादा चौकार गेला तो अडवला असता तर. कुरुविलाला या 'तर'चा सर्वांत मोठा वाटा मिळाला. पुढे 1997 मध्ये तो भारताकडून दहा कसोटी खेळला, तरी कोणी ना कोणी त्याला त्या धावेसाठी ओळखत राहिलेच.

पण या हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडली? हरियाणाच्या दीपक शर्माने पहिल्या डावात 199 केल्या. एकशे नव्व्याण्णव! एका धावेने द्विशतक हुकलेला माणूस विजेत्यांच्या संघात होता, आणि ती एक धाव त्याला मिळाली असती तर मुंबई तीन धावांनी हरली असती. ओटीवरच्या एकाही हिशेबात ही धाव धरलेली ऐकली नाही. कर्णधार कपिल देव होता आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्याचा संघ कच्चा पडला नाही. हरियाणाने रणजी करंडक जिंकला तो तेवढाच एकदा. एखाद्या राज्याच्या क्रिकेटमधला सर्वांत मोठा दिवस आपल्या घरी, आपल्या समोर उगवला, आणि आपण त्याला 'मुंबईची हुकलेली संधी' असे नाव दिले.

मराठी प्रेक्षकाला अशा पराभवांचा सराव नाही असे कोण म्हणेल? त्याआधी चार वर्षे, मार्च 1987 मध्ये बंगळूरला सुनील गावसकर आपल्या शेवटच्या कसोटीच्या चौथ्या डावात 96 वर बाद झाला. हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवरची ती खेळी आजही जाणकार डोक्यावर घेतात. भारत पाकिस्तानकडून 16 धावांनी हरला. गावसकर 96 आणि पराभव, तेंडुलकर 96 आणि पराभव. हा योगायोग कोकणातल्या कोणत्याही ज्योतिषाकडे नेला असता तर त्याने शांत करायला सांगितले असते.

आता थोडे रग्बीकडे. हा खेळ केळशीत कोणी खेळत नाही. मुंबईत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात तो रंगतो, एवढीच बहुतेकांना माहिती. पण कबड्डी कळणाऱ्याला रग्बी कळायला फार वेळ लागत नाही. अंगाला भिडायचे, खाली पाडायचे, उठायचे, पुन्हा भिडायचे. फरक एवढाच की इथे पाडल्यावर कोणी बाद होत नाही. 15 ऑक्टोबर 2023 रोजी पॅरिसजवळ स्ताद द फ्रान्सवर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्स दक्षिण आफ्रिकेकडून 28-29 असा हरला. ऐंशी मिनिटे, ऐंशी हजारांच्या घरातला प्रेक्षक, आणि एक गुण. या सामन्यात एक प्रसंग असा घडला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्सने ट्राय केला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. त्यानंतर दोन जादा गुणांसाठी थॉमस रामोस चेंडूला लाथ मारणार. ही लाथ बहुतेक वेळा निवांत मारली जाते, कारण बाकीचे रेषेवर उभे राहून पाहत असतात. दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बी, अंगाने लहानखुरा गडी, लाथ मारणारा हलताक्षणी रेषेवरून सुटला आणि त्याने चेंडू उडताच अंगावर अडवला. दोन गुण गेले. सामना एका गुणाने गेला.

फ्रान्समध्ये त्या रात्री काय झाले असेल? केळशीच्या टपरीवर झाले तेच. कर्णधार आंत्वान द्युपाँ याने पंचगिरी सामन्याच्या तोलामोलाची नव्हती, अशा अर्थाचे बोलून दाखवले. कोल्बी लवकर सुटला की वेळेवर, यावर वाद झडले. बोलणाऱ्यांचे चुकलेही नसेल. पण पुढे काय घडले ते पाहा. त्याच दक्षिण आफ्रिकेने उपांत्य सामन्यात इंग्लंडला 16-15 असे हरवले, आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला 12-11 असे. तीन आठवड्यांत तीन सामने, तिन्ही एका गुणाने. कोणी एकदा एका गुणाने जिंकला तर नशीब म्हणावे. लागोपाठ तीनदा जिंकला तर त्याला एक गुण राखायची विद्या येते, असेच म्हणावे लागेल. ज्याला आपण 'थोडक्यात हुकले' म्हणतो ते थोडके समोरच्याने कमावलेले असते. आपल्या घोटाळ्यातून ते त्याच्या पदरात पडले, ही समजूत आपल्या सोयीची.

रग्बीकडून आपण घ्यावे असे एक आहे. सामना संपला की हरलेला संघ दोन रांगा करून उभा राहतो आणि विजेते मधून जाताना टाळ्या वाजवतो, मग विजेतेही तेच करतात. तोंडे पाडलेली असतात, नाकातून रक्त येत असते, पण रांग होते. दुःख झाकायची सक्ती कोणी करत नाही. थांबायची मात्र असते.

प्रेक्षकांचे काय? आपल्याच देशात दोन्ही तऱ्हा झाल्या आहेत, त्याही एकाच वर्षात, तीन आठवड्यांच्या अंतराने. 31 जानेवारी 1999, चेन्नईचे चेपॉक मैदान. पाकिस्तानविरुद्ध 271 करायच्या होत्या. तेंडुलकरने पाठीच्या दुखण्यासह 136 केल्या आणि 17 धावा उरल्या असताना तो बाद झाला. उरलेल्यांनी आणखी चार केल्या. 12 धावांनी पराभव. कारगिल अजून घडायचे होते, तरी वातावरण काही गोडीगुलाबीचे नव्हते. या मालिकेसाठी दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी आधीच उखडण्यात आली होती. चेपॉकवरची माणसे क्षणभर सुन्न झाली, मग उभी राहिली, आणि पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली तेव्हा त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली. पाकिस्तानी खेळाडू आजही ते सांगतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तेंडुलकर शोएब अख्तरला धडकून धावबाद झाला, प्रेक्षकांनी बाटल्या-फळे भिरकावली, आणि शेवटच्या दिवशी पोलिसांना स्टेडियम रिकामे करावे लागले. भारत 46 धावांनी हरला तो रिकाम्या बाकांसमोर. ईडनने हे 1996 च्या विश्वचषकातल्या श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही करून दाखवले होते. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेत बाटल्या उडाल्या नाहीत, एवढी प्रगती झाली. माणसे नुसती उठून गेली. ऑस्ट्रेलियाने विश्वचषक उचलला तेव्हा लाखाच्या मैदानात निळ्या सदऱ्यांपेक्षा मोकळ्या खुर्च्या जास्त होत्या. तो पराभव थोडक्यातला नव्हता, सहा गड्यांनी होता, पण उठून जाण्याची सवय आता फरक पाहत नाही.

जिंकणाऱ्याला त्याचे माप न देण्याची आणखी एक गोड पद्धत आपल्याकडे आहे. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असे हरवले. मैदान घरचे नव्हते, पण खेळ घरचा. दोन वेळचे सुवर्ण गेले. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. झाले! आपल्याकडे लगेच दिलासा सापडला : शिकवणारी शेवटी आपलीच ना. इराणच्या मुलींनी डोक्याला रुमाल बांधून, परका खेळ शिकून, त्याच्या मालकांना हरवले, हे बाजूला पडले. शैलजाताईंचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्यांच्या आडून त्या मुलींचा विजय आपल्या खात्यावर जमा करून घेणे म्हणजे शुद्ध लबाडी.

यावर कोणी विचारील, मग हरल्यावर हसायचे का? मुळीच नाही. ज्याला हरल्यावर काही वाटत नाही त्याने सामना पाहायला येऊ नये, घरी बसून मालिका पाहाव्यात. वेंगसरकर रडले यात काही चुकले नाही, आणि वाडीतली माणसे त्या रात्री जेवली नसतील तर त्यांचेही चुकले नाही. चाहत्याने पंचांना नावे ठेवू नयेत असेही आमचे म्हणणे नाही. पंचांना नावे ठेवणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि तो मोडीत काढला तर तिकीट विकले जाणार नाही. आक्षेप एवढाच आहे की हा सगळा कारभार पंधरा मिनिटे उशिरा सुरू करता येतो. आधी चषक द्यावा, मग टपरी उघडावी.

कारण घरचे मैदान म्हणजे काय? यजमान वाडीला मातीची ओळख असते, हवेची सवय असते, पाठीशी ओरडणारी माणसे असतात. हा सगळा फायदा आपण चाळीस मिनिटे भरभरून घेतो. पलीकडचा संघ रात्री टेम्पोत दाटीवाटीने बसून येतो, बाहेरच कपडे बदलतो, आणि त्याची चांगली पकड झाली की मैदानावर शांतता पसरते. एवढ्या विरुद्ध परिस्थितीत तो एका गुणाने जिंकला असेल तर तो एक गुण प्रत्यक्षात चार-पाच गुणांचा आहे. कबड्डी जाणणाऱ्या वाडीला हे गणित समजावून सांगावे लागू नये.

दोष नुसता प्रेक्षकांचा नाही. कोकणातल्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ हा बसण्याजोगा कार्यक्रम राहिलेला नाही, हेही तितकेच खरे. सामना संपतो रात्री एक-दीडला. मग श्रीफळ-शाल, मग पाहुण्यांचा परिचय, मग सरपंच, मग मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष, मग कोणी तरी इच्छुक उमेदवार, मग 501 रुपयांपासूनच्या देणगीदारांची यादी. खेळाडू घामाने ओले, थंडीत कुडकुडत रांगेत उभे. ज्याच्यासाठी हा घाट घातला तो चषक शेवटी, घाईघाईत. जिंकलेल्या वाडीलाही हे सोसवत नाही, हरलेल्यांनी का सोसावे?

म्हणून मंडळांना सुचवणे असे. देणगीदारांची यादी मध्यंतरात वाचा. सत्कार उपांत्य सामन्यांपूर्वी उरकून घ्या. शेवटची शिट्टी झाल्यावर दहा मिनिटांच्या आत, लोक अजून उभे असतानाच, चषक द्या. तो पाहुण्या पुढाऱ्याच्या हातून न देता हरलेल्या यजमान संघाच्या कर्णधाराच्या हातून विजेत्या कर्णधाराला द्या. उत्कृष्ट पकडीचे बक्षीस जाहीर करताना ती पकड कोणती, कोणत्या मिनिटाला झाली, हे माइकवरून सांगा. समालोचकाला ते तोंडपाठ असते. आणि प्रेक्षकांना विनंती अशी की चैत्रातल्या केळशीच्या महालक्ष्मीच्या यात्रेआधी अजून बरेच सामने व्हायचे आहेत. त्यांतला एखादा आपली वाडी थोडक्यात हरणार हे नक्की. मंडळाने भाषणे आवरली तर आपणही दहा मिनिटे खुर्ची सोडू नये.